मऊ र, खडबडीत र

शोघिकबाईंनी लॅपटॉप आणला तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
बाहेर उणे अठरा. ग्युम्रीच्या बाजारामागच्या बोळात
माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टोव्ह
आणि जर्दाळूच्या मुरंब्याची जुनी बरणी,
फुटक्या मोबाइलांच्या स्क्रूंनी भरलेली.

"मेला का बघ, मुशेघ. मेला असेल तर तसं सांग,
उगाच आशा लावून पैसे घेऊ नकोस."

बटण दाबलं. पंखा असा काही सुटला
की शेजारचा चांभार हातोडी घेऊन डोकावला.
सात मिनिटं नुसतं चक्र, गोल गोल.
मग अपडेट हवं. मग जागाच नाही. मग पुन्हा चक्र.
दोन जीबी रॅम, बॅटरी नावापुरती,
एक कळ निखळलेली, तिथं शर्टाचं बटण डकवलेलं.
मेला नव्हता.
बोकांडी फार जण बसले होते त्याच्या,
आणि उतरायला कुणी तयार नव्हतं.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात सव्वीस वर्षं प्रूफं तपासली बाईंनी.
पेपर बंद पडला तेव्हा
शेवटच्या दोन पगारांच्या बदल्यात हा हाती आला.

किल्ल्यांच्या जुडग्यात माझा एक पेनड्राइव्ह असतो,
त्यात एक सडपातळ सिस्टिम, फुकटची,
कुठकुठल्या माणसांनी रात्री जागून लिहिलेली,
माझ्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी जागेत मावणारी.
लावला. पडद्यावर भाषांची यादी आली.
मी सवयीनं रशियनवर गेलो.
बाईंनी काचेवर नख वाजवलं:
"ही बघ की. आपली."
चार वर्षं हे काम करतोय,
इतक्या खाली मी कधी उतरलोच नव्हतो.

तीन ओळी आमच्या, चौथी इंग्रजी,
पाचवी आमची पण अर्धीच,
जणू लिहिणाऱ्याला मध्येच कुणी जेवायला हाक मारली.
मग तो प्रश्न:
डिस्कवरचं सगळं काढून टाकायचं?

मी थांबलो. अकरा वर्षांची पानं होती आत,
बर्फाच्या बातम्या, मयतीच्या, पाणी येणार नसल्याच्या.
"काढ," म्हणाल्या. "मी वाचलंय ते सगळं. दोनदा."

मी बोट नेलं, तर मनगटच धरलं त्यांनी.
"थांब. हा र चुकलाय."

आमच्या लिपीत र दोन, एक मऊ, एक खडबडीत.
'काढून टाका' मध्ये खडबडीत लागतो,
कुणीतरी मऊ घातला होता.
"चुकलेल्या शब्दाला हो म्हणू मी? सांग?"

सांगितलं, बाई, हे बिनपगारी लोक आहेत,
पत्ता देतो, त्यांना कळवा, पुढच्या खेपेला सुधारतील.
स्टोव्हमध्ये लाकूड तडकलं. चांभार केव्हाच गेला होता.
"पत्ता लिहून दे आधी," म्हणाल्या,
आणि कागद घडी करून हातमोज्यात सरकवल्यावर
कळ त्यांनी स्वतःच दाबली.

बावीस सेकंदांत उघडला.
पंखा ऐकू येईना म्हणून आम्ही दोघंही वाकलो,
कान लावून,
माझा हात तर वायर तपासायला निघालाच होता.

तीन आठवड्यांनी आल्या, वही घेऊन.
एकशे चौदा चुका, लाल शाईत,
प्रत्येकीपुढं पडद्यावरची जागा.
सगळ्या मी टाइप करून पाठवल्या,
दोन दुपारी गेल्या, एक गिऱ्हाईकही गेलं.

उत्तर मार्सेहून आलं, कुणा गरेनचं.
माफ करा, त्यानं लिहिलं होतं,
आमचे पणजोबा बोटीनं इकडं आले,
आमच्या घरात दोन्ही र सारखेच ऐकू येतात.

बाईंनी चष्मा पुसून पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं.
त्यातही एक र चुकला होता, मलासुद्धा दिसला.
त्यांचं बोट त्या ओळीवर जरा थबकलं,
मग वही मिटली,
आणि विचारलं,
मार्सेला बर्फ पडतो का रे?